अरबी समुद्राच्या खोल पाण्यात ऑक्सिजन परत आणता येईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातील ऑक्सिजन घटत असल्याच्या बातम्या आता मराठी वृत्तपत्रांतही नियमित येतात आणि त्यांच्या जोडीने यंत्रांच्या साहाय्याने खोल पाण्यात ऑक्सिजन सोडण्याच्या कल्पनांचीही चर्चा होते. वर्सोवा-मढपासून ससून डॉकपर्यंतचे मच्छीमार, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि खाडीकाठी राहणारे नागरिक यांना याबाबत पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. भर समुद्रातील खोल पाण्यात असलेली ऑक्सिजनची टंचाई आणि मुंबईच्या खाड्यांतील टंचाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की पैसा आणि लक्ष दोन्ही चुकीच्या ठिकाणी खर्च होतात, म्हणून पुढील प्रत्येक उत्तरात हा फरक जपला आहे.

पाण्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, मग मासे गुदमरतात कसे?

पाण्याच्या रेणूत बांधलेला ऑक्सिजन माशाला वापरता येत नाही. त्याचे कल्ले पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन शोषून घेतात आणि हा साठा फार तुटपुंजा असतो. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर मुंबईच्या किनाऱ्यावरील २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर खाऱ्या पाण्यात तो जास्तीत जास्त साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास विरघळू शकतो. हे प्रमाण लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली गेले, की शास्त्रज्ञ त्या पाण्याला ऑक्सिजन-न्यून म्हणतात. पोहू शकणारे मासे तेथून निघून जातात. तळाशी राहणारे खेकडे, शिंपल्या आणि कृमी यांना मात्र पळून जाणे शक्य नसते.

अरबी समुद्राच्या खोल पाण्यात ऑक्सिजन इतका कमी का आहे?

समुद्राला ऑक्सिजन मिळतो तो वरच्या थरात, हवेतून आणि सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या वनस्पती-प्लवकांकडून. खोल पाण्याला तो मिळण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे पृष्ठभागावरील पाणी थंड आणि जड होऊन खाली जाणे. अरबी समुद्राची उत्तर बाजू भूभागाने बंद आहे, त्यामुळे थंड प्रदेशात बुडणारे ताजे पाणी त्याला जवळून मिळत नाही. दक्षिणेकडून जे खोल पाणी येते, ते पृष्ठभागापासून दीर्घकाळ दूर राहिलेले असते आणि वाटेतच त्यातील बराच ऑक्सिजन खर्च झालेला असतो. दुसरीकडे नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर खोलातले पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर ओढतात. त्यावर प्लवकांची प्रचंड वाढ होते. हे प्लवक मरून खाली जातात आणि त्यांचे विघटन करणारे जीवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात.

याचा परिणाम म्हणून साधारण १५० मीटर खोलीपासून एक हजार मीटरच्याही खाली, जगातील सर्वांत जाड आणि तीव्र ऑक्सिजन-न्यून थरांपैकी एक थर येथे तयार झाला आहे. त्याच्या गाभ्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. तेथील जीवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट प्रभावी हरितगृह वायूही निर्माण होतो. हा थर माणसाने निर्माण केलेला नाही. सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली इजिप्तच्या ‘मबाहिस’ या जहाजावरून १९३३-३४ मध्ये झालेल्या जॉन मरे मोहिमेतच या ऑक्सिजनरहित पाण्याची आणि त्याखालच्या जवळपास निर्जीव तळाची नोंद झाली होती.

तो नैसर्गिक असेल, तर चिंता कशाची?

चिंता आहे ती त्याच्या वाढीची. १९६० ते २०१० या काळात जगातील महासागरांनी आपल्या एकूण ऑक्सिजनपैकी दोन टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन गमावल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून दिसून आले. दोन टक्के हा आकडा लहान वाटतो, परंतु ही घट सगळीकडे सारखी वाटलेली नाही. काठावर असलेल्या पाण्यात थोडीशी घटही जिवावर बेतते. तापमानवाढीमुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एक, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. दोन, वरचे पाणी अधिक हलके झाल्यामुळे ते खालच्या पाण्यात मिसळत नाही. ओमानच्या आखातात पाण्याखालून चालणाऱ्या स्वयंचलित ग्लायडरांनी घेतलेल्या नोंदी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा स्कॉटलंडपेक्षा मोठ्या क्षेत्रात ऑक्सिजन जवळपास संपलेला असल्याचे आढळले.

आपल्या किनाऱ्यासाठी अधिक जवळची बाब अशी की, पावसाळ्याच्या उत्तरार्धात हेच ऑक्सिजन-न्यून पाणी पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीवर चढून येते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात गोवा-कारवार पट्ट्यात ते सर्वाधिक ठळक असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये तेथील तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आणि नायट्रस ऑक्साइडचे मोठे प्रमाण आढळल्याचे प्रसिद्ध केले होते. किनाऱ्यावरून वाहून येणारी खते आणि सांडपाणी या नैसर्गिक घटनेत तेल ओततात, ही भीती तेव्हापासून व्यक्त होत आहे.

हा थर मुंबईपासून किती अंतरावर आहे?

मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन भारतात सर्वांत रुंद असून ती सुमारे ३०० किलोमीटर पसरलेली आहे. बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असूनही तेथील खोली जेमतेम ७५ मीटर आहे. म्हणजे डोल जाळी लावणाऱ्या होड्यांखाली हा खोल थर नसतो. तरीही त्याचा मासेमारीशी संबंध आहे. कुपा, सुरमई यांसारखे वेगवान मासे भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातच राहू शकतात. न्यून थर वर सरकला, की त्यांना वरच्या पातळ थरात दाटीवाटीने राहावे लागते आणि ते जाळ्यात सहज सापडतात. अशा वर्षी वाढलेली आवक पाहून मासा मुबलक आहे असे मानणे धोक्याचे ठरते.

खोल पाण्यात ऑक्सिजन पोहोचवण्याच्या पद्धती कोणत्या?

मुख्य पद्धती तीन आहेत. पहिली म्हणजे तळाशी सच्छिद्र नळ्या अंथरून हवेचे बुडबुडे सोडणे. कोळंबीच्या तलावातील एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे, पृष्ठभागावर जे काम करतात, तेच काम येथे तळापासून केले जाते. दुसऱ्या पद्धतीत शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली पाण्यात विरघळवून ते पाणी तळाशी सोडतात. यासाठी वापरला जाणारा शंकूच्या आकाराचा कक्ष मोठा कल्पक आहे. पाणी वरच्या अरुंद तोंडातून वेगाने शिरते आणि खाली रुंदावत जाताना मंद होते. त्यामुळे वर जाऊ पाहणारे बुडबुडे आणि खाली येणारे पाणी एकमेकांना अडवून धरतात आणि वायू पूर्णपणे विरघळेपर्यंत कक्षातच राहतो. तिसऱ्या पद्धतीत पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त पाणीच पंपाने खाली ढकलले जाते.

हे कोठे प्रत्यक्षात करून पाहिले आहे का?

होय. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर उद्देवाला शहराजवळ बायफ्योर्ड नावाची एक अरुंद खाडी आहे. तिच्या तोंडाशी उथळ उंबरठा असल्याने आतील खोल पाणी वर्षानुवर्षे कोंडून राहते आणि तळ ऑक्सिजनविना असतो. गोथेनबर्ग विद्यापीठातील समुद्रशास्त्रज्ञ आंदर्स स्टिगेब्रांट यांच्या नेतृत्वाखाली २०१० ते २०१२ या काळात तेथे तरंगत्या पंपांनी दर सेकंदाला सुमारे दोन घनमीटर पृष्ठजल खोल सोडण्यात आले. या प्रयोगाचा खरा लाभ पंपाने नेलेल्या ऑक्सिजनपेक्षा एका वेगळ्याच परिणामातून झाला. वरचे कमी खारे पाणी मिसळल्याने तळाचे पाणी हलके झाले, त्यामुळे बाहेरचे जड, ताजे समुद्राचे पाणी उंबरठा ओलांडून आत शिरू लागले आणि खाडीने स्वतःच आपले पाणी बदलायला सुरुवात केली. शैवालाला खत ठरणारा पाण्यातील फॉस्फरस घटला आणि ओसाड तळावर पुन्हा प्राणी वस्ती करू लागले. मला हा प्रयोग या साऱ्या विषयातील सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, कारण येथे यंत्राने निसर्गाची अडलेली वाट मोकळी करून दिली आणि पुढचे काम समुद्राने केले.

याखेरीज स्वित्झर्लंडच्या काही सरोवरांत १९८० च्या दशकापासून, अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील रॉक क्रीक या लहान खाडीत १९८८ पासून, तसेच लंडनच्या थेम्स नदीत ऑक्सिजन सोडणाऱ्या बोटींच्या साहाय्याने ही कामे झाली आहेत. ही सर्व ठिकाणे लहान किंवा बंदिस्त आहेत, याकडे लक्ष द्यावे.

मग हीच यंत्रे अरबी समुद्रात का बसवू नयेत?

याचे उत्तर आकडेमोडीतच मिळते. हिशेबापुरते दहा लाख चौरस किलोमीटर क्षेत्र आणि पाचशे मीटर जाडीचा थर धरू. ही दोन्ही मापे प्रत्यक्षाहून जास्त नाहीत. या पाण्यात लिटरमागे फक्त एक मिलिग्रॅम ऑक्सिजन वाढवायचा झाला, तरी सुमारे ५० कोटी टन ऑक्सिजन लागेल. मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत संपूर्ण देशाची यंत्रणा जीव तोडून रुग्णालयांना दिवसाला सुमारे ९,००० टन ऑक्सिजन पुरवत होती, हे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. त्या वेगाने हा साठा भरायला दीडशे वर्षे लागतील आणि तेवढ्या काळात जीवाणू तो कित्येकदा संपवून टाकतील. म्हणजे हे एकदाचे काम नसून न संपणारे काम आहे.

शिवाय ते करावे का, हाही प्रश्न आहे. दिवसा या थरात दडून राहणारे आणि रात्री खाद्यासाठी वर येणारे प्रकाशमासे, तसेच नायट्रेटवर जगणारे जीवाणू, यांची हजारो वर्षांत जुळलेली एक स्वतंत्र जीवसृष्टी तेथे आहे. ती बिघडलेली आहे असे समजून दुरुस्त करायला जाणे मला योग्य वाटत नाही. या थराची वाढ रोखण्याचा मार्ग तापमानवाढ रोखण्यातूनच जातो.

हरित हायड्रोजन तयार करताना निघणारा ऑक्सिजन वापरता येईल का?

पाण्याचे विद्युत-विघटन करताना प्रत्येक किलो हायड्रोजनमागे आठ किलो ऑक्सिजन निघतो आणि बहुतेक ठिकाणी तो हवेत सोडून दिला जातो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे. ते गाठले, तर वर्षाला चार कोटी टन ऑक्सिजन उपलब्ध होईल. कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखातासाठी असा प्रस्ताव शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. आपल्याकडे मात्र हा ऑक्सिजन समुद्राच्या तळाशी नेण्याआधी मलजल प्रक्रिया केंद्रांत वापरणे शहाणपणाचे ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा केंद्रांत विजेचा सर्वांत मोठा खर्च सांडपाण्यात हवा मिसळण्यावरच होतो. शिवाय किनाऱ्यावर सांडपाण्यात वापरलेला ऑक्सिजन समुद्रावर पडणारा भार आधीच कमी करतो.

या पद्धतींचे दुष्परिणाम आहेत का?

आहेत, आणि ते दुर्लक्षण्यासारखे नाहीत. तळ ढवळला गेला तर तेथील पोषक द्रव्ये वर येऊन शैवाल आणखी वाढू शकते, म्हणजे उपायच रोगाला खतपाणी घालतो. वरचे उबदार पाणी खाली नेल्यास तळाचे तापमान वाढते आणि जीवाणूंची ऑक्सिजनची भूकही वाढते. स्वित्झर्लंडमधील दोन सरोवरांत दहा वर्षे ऑक्सिजन दिल्यानंतरही गाळातून सुटणारा फॉस्फरस कमी झाला नसल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याच कारणाने बाल्टिक समुद्रात मोठ्या प्रमाणावर पंप बसवण्याच्या प्रस्तावावर तेथील शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद आहेत. रॉक क्रीकमध्ये २०१६ च्या सुमारास प्रयोगासाठी एरेटर बंद केले, तेव्हा ऑक्सिजनची टंचाई लगेच परतली. याचा अर्थ यंत्र चालू आहे तोवरच लाभ, आणि विजेचे बिल पिढ्यानपिढ्या.

मुंबईच्या खाड्यांची स्थिती कशी आहे?

येथे कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ओहोटीच्या वेळी माहीमच्या खाडीकाठी उभे राहून पाहिल्यास उघड्या पडलेल्या चिखलाचा वरचा बोटभर थर करडा दिसतो आणि खेकड्याने उकरलेल्या बिळाच्या तोंडाशी आलेली माती मात्र काळीकुट्ट असते. तिला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. तो काळा रंग लोह-सल्फाइडचा आणि तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. ऑक्सिजन संपल्यावर जीवाणूंनी सल्फेटवर गुजराण सुरू केल्याची ही खूण आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना प्रत्येक किलो कार्बनमागे अडीच किलोहून अधिक ऑक्सिजन खर्च होतो आणि त्यातील अमोनियाचे नायट्रेट होताना आणखी.

मुंबईच्या सांडपाण्यावर अनेक दशके बहुतांशी प्राथमिक स्वरूपाचीच प्रक्रिया होत आली. वरळी आणि वांद्रे येथील समुद्राखालून जाणाऱ्या लांब वाहिन्यांनी ते खुल्या समुद्रात सोडले जाते. मुंबईच्या मोठ्या भरती-ओहोटीमुळे ते लवकर मिसळते हे खरे, पण मिसळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. मिठी, पोईसर, ओशिवरा आणि दहिसर या नद्यांतून तसेच नाल्यांतून थेट खाडीत उतरणाऱ्या पाण्याला तर तेवढीही संधी मिळत नाही. महापालिकेने वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, घाटकोपर, भांडुप आणि धारावी येथे एकूण दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात नवी केंद्रे हाती घेतली आहेत. मुंबईच्या किनाऱ्याला ऑक्सिजन परत देणारे सर्वांत मोठे काम हेच आहे, आणि ते किती पूर्ण झाले हे नागरिकांनी प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. केंद्रे उभी राहिली, पण वस्त्यांतील मलवाहिन्या त्यांना जोडल्या गेल्या नाहीत, तर नाल्यांतून येणारा भार तसाच राहील.

तोवर खाडीत एरेटर बसवले तर?

एखाद्या अरुंद, कोंडलेल्या भागात, उन्हाळ्यातील काही महिन्यांपुरता त्याचा उपयोग होऊ शकतो. परंतु माहीमसारख्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी येते-जाते, त्यामुळे मिसळलेल्या ऑक्सिजनचा मोठा भाग ओहोटीबरोबर निघून जाईल. गाळही ढवळला जाईल आणि त्यात साचलेले जड धातू पाण्यात उतरण्याचा धोका आहे. सांडपाणी चालूच ठेवून केवळ एरेटर बसवण्याला माझा विरोध आहे.

भार कमी केल्यावर समुद्र खरोखर सावरतो का?

सावरतो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण काळ्या समुद्राच्या वायव्येकडील उथळ भागाचे आहे. डॅन्यूब नदीतून येणाऱ्या खतांमुळे १९७० आणि १९८० च्या दशकांत तेथे सुमारे ४०,००० चौरस किलोमीटरपर्यंत मृत क्षेत्र, म्हणजे ऑक्सिजनअभावी जीवसृष्टी टिकू न शकणारा तळाचा भाग, पसरले होते. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यावर शेतकऱ्यांना खते परवडेनाशी झाली, वापर एकदम घटला आणि १९९६ मध्ये त्या भागात अनेक वर्षांत प्रथमच मृत क्षेत्र दिसले नाही. एकही पंप न लावता हे घडले. अर्थात त्यामागे लोकांची मोठी आर्थिक हालअपेष्टा होती, आणि तशी वेळ न येऊ देता खतांचा नेमका वापर व सांडपाण्यावरील प्रक्रिया यांतून तोच परिणाम साधणे हे आपल्यापुढचे काम आहे. तळावरील जीवसृष्टी मात्र पाण्याइतक्या वेगाने परतली नाही. शिंपल्यांचे थर पुन्हा बसायला बराच अधिक काळ लागतो.

बोंबील कमी ऑक्सिजनमध्ये टिकतो, हे खरे आहे का?

चीनच्या किनाऱ्यावर इतर मासे घटत असताना बोंबलाची आवक वाढल्याचे संशोधकांनी २०२२ मध्ये नोंदवले आहे. बोंबलाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण फार जास्त असल्याने त्याला तुलनेने कमी ऑक्सिजन पुरतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. यातून दिलासा घेण्याचे कारण नाही. पापलेट, घोळ, रावस यांना ही सवलत नाही, आणि एकाच माशावर कोळीवाड्यांची चूल चालत नाही.

मेलेले मासे किनाऱ्याला लागलेले दिसल्यास काय करावे?

जागा, वेळ, भरती आहे की ओहोटी, पाण्याचा रंग आणि वास यांची तत्काळ नोंद करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि मत्स्यव्यवसाय विभाग व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना कळवावे. वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अंधेरीतील केंद्र येथे या विषयाचे जाणकार आहेत.

पाण्याचा नमुना घरच्या बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी नेल्यास ऑक्सिजनचे मोजमाप निरुपयोगी ठरते. १८८८ पासून वापरात असलेल्या विंकलर पद्धतीत बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरतात आणि तेथल्या तेथेच तिच्यात मँगनीजचे व आयोडाइडचे द्रावण तळाशी सोडतात. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो, त्यामुळे प्रयोगशाळेत अचूक आकडा निघण्याआधीच होडीवरील माणसाला अंदाज येतो. शक्य असल्यास नमुना सूर्योदयापूर्वी घ्यावा, कारण रात्रभर प्लवक ऑक्सिजन निर्माण न करता केवळ वापरत असतात आणि दिवसातील सर्वांत कमी पातळी त्याच वेळी असते. दुपारी घेतलेला नमुना त्याच पाण्याविषयी फसवे समाधान देऊ शकतो.